घोडीचा माज आणि त्या दिवसांतलं वागणं

घोडी माजावर आली की तिच्या वागण्यात जो फरक पडतो तो ओळखणं, आणि त्या दिवसांत तिला न दुखावता, स्वतःही लाथ न खाता तिच्याकडून काम करून घेणं, हा घोडेपालनातला जुनाच विषय आहे. घोडी शेपूट वर करून उभी राहते, थोडं थोडं सारखं मुतते, बाहेर काढली की दुसऱ्या घोड्यांकडेच ओढ घेते, खरारा करताना कुशीला हात लागला की पाय उचलते, खोगीर दिसलं की कान मागे पाडते, आणि मग मालक म्हणतो "माजावर आलीय, जाऊ दे". यातल्या पहिल्या तीन गोष्टी बहुतेक वेळा माजाच्याच असतात, शेवटच्या दोन बऱ्याचदा नसतात, आणि सगळा घोळ इथेच आहे.

आधी चक्र कसं चालतं ते बघू. घोडी वर्षभर माजावर येत नाही, दिवस मोठे व्हायला लागले की तिचं चक्र सुरू होतं आणि लहान झाले की थांबतं. रात्र लांब असली की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ सुटत राहतं आणि अंडाशयाला चालना देणारे हार्मोन त्याने दबलेले असतात, उजेड वाढला की तो दाब निघतो. म्हणून तर ज्यांना घोडी लवकर माजावर आणायची असते ते हिवाळ्यातच तबेल्यात दिवे लावून तिला रोज एकूण 16 तास उजेड देतात. उत्तर गोलार्धात हा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर-ऑक्टोबर, दक्षिणेत त्याच्या उलट, आणि विषुववृत्ताच्या जवळ दिवसाच्या लांबीत फारसा फरकच पडत नाही त्यामुळे तिकडच्या बऱ्याच घोड्यांचं चक्र बाराही महिने चालू राहतं.

हंगामात एक चक्र 21-22 दिवसांचं. त्यात 5 ते 7 दिवस माज, बाकीचे 14-15 दिवस बिनमाजाचे. माजाच्या दिवसांत अंडाशयावर एक पुटक (बीज असलेली पाण्याची पुळी) वाढत असतं, साधारण 35 ते 45 मिमीचं झालं की ते फुटतं आणि बीज बाहेर पडतं, तोवर इस्ट्रोजेनचा जोर असतो. फुटल्यावर त्या जागी पिवळी गाठ बनते, तिच्यातून प्रोजेस्टेरॉन येतं आणि माज उतरतो. ज्यांना गाईची सवय आहे त्यांचं इथे हमखास चुकतं, कारण गाईचं चक्रही 21 दिवसांचंच पण तिचा माज एका दिवसातच आटपतो आणि बीज माज संपल्यावर सुटतं, घोडीचा माज आठवडाभर चालतो आणि बीज माज संपायच्या 24 ते 48 तास आधीच सुटलेलं असतं.

हंगामाची सुरुवात मात्र वेगळी, तेव्हा हे कुठलंच गणित लागू पडत नाही. हिवाळा संपताना अंडाशय जागं व्हायला लागलेलं असतं, पुटकं वाढतात पण फुटत नाहीत, म्हणजे प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही आणि घोडी दोन-दोन तीन-तीन आठवडे माजावर असल्यासारखी वागते, मध्येच थांबते, परत सुरू. मालकाच्या सगळ्यात जास्त तक्रारी याच काळातल्या. यात आजार काही नाही, पहिलं बीज सुटलं की चक्र आपोआप रुळावर येतं, तोपर्यंत सांभाळून घ्यायचं एवढंच.

खरा माज कसा दिसतो

नर समोर आणला की घोडी मागचे पाय फाकवून जरा खाली बसल्यासारखी होते, शेपूट बाजूला घेते, मुतते आणि योनीचे ओठ उघडझाप करते. नराला लाथ मारत नाही, उलट त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. म्हणजे माजातली घोडी नरासाठी शांतच असते! जी किंचाळते, पुढचा पाय आपटते, मागून दोन्ही पायांनी झाडते ती बहुतेक वेळा माजात नसतेच, ती नराला "लांब राहा" म्हणत असते. हा मुद्दा इतक्या लोकांना उलटा माहीत असतो की दोनदा सांगितला तरी चालेल. चावरी, लाथाळ घोडी दिसली की माज हा पहिला संशय नसावा.

काही घोड्यांचा मुका माज असतो, आतून सगळं चालू पण बाहेर काही दिसत नाही, विशेषतः शिंगरू पायाशी असलं की. व्यायल्यानंतरचा पहिला माज 5 ते 12 दिवसांत येतो, आणि शिंगराची राखण करणारी आई तो सहज लपवून जाते. दुसरी एक फसगत म्हणजे भीतीने मुतणं. लहान वयाची किंवा कळपात खालच्या पायरीवरची घोडी मोठ्या घोड्यासमोर किंवा दरडावणाऱ्या माणसासमोर खाली वाकून थोडं मुतते, ते बघून लोक म्हणतात माज आला, प्रत्यक्षात ती घाबरलेली असते आणि तिला आणखी दरडावलं जातं.

पक्कं कळायला साधनं आहेत. डॉक्टर गुदद्वारातून सोनोग्राफी करून पुटक आणि गर्भाशयाची सूज बघतात, माजात गर्भाशयाचा छेद आडव्या कापलेल्या संत्र्यासारखा दिसतो. रक्तात प्रोजेस्टेरॉन 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर असेल तर घोडी त्या दिवशी माजात नाही, मग ती कितीही आदळआपट करत असो.

कॅलेंडर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे वही. तारीख, त्या दिवशी घोडी काय वागली, काम काय होतं, कोण बसलं होतं, हे दोन-तीन चक्रं लिहून काढलं की चित्र स्पष्ट होतं. त्रास 21 दिवसांच्या अंतराने येऊन आठवडाभर राहत असेल तर माजाशी संबंध आहे असं धरायला जागा आहे. रोजच असेल, किंवा हिवाळ्यात अंडाशय झोपलेलं असतानाही तसाच असेल, तर माजाचं नाव काढायचं नाही.

मग असतं काय? बहुतेकदा दुखणं. न बसणारं खोगीर, पाठीचे स्नायू, दाताची धार, मागच्या पायाचं बारीक लंगडणं, आणि जठरातले अल्सर, जे काम करणाऱ्या घोड्यांमध्ये फार आढळतात आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणं हे ज्यात काही घोड्यांत दिसतं. लघवीचा संसर्ग किंवा मूत्राशयातला खडा असला तरी घोडी सारखी मुतते. योनीचे ओठ नीट मिटत नसतील तर पळताना आत हवा ओढली जाते, खाज आणि जळजळ होते, शेपूट हलत राहते, तिथे वरच्या बाजूला टाके घातले की फरक पडतो. काही घोड्यांना बीज सुटण्याच्या सुमारास कमरेत आणि कुशीत दुखतं असं दिसतं, हे दुखणं चक्राबरोबरच येतं, म्हणून वहीत ते माजाच्या शेवटच्या दोन दिवसांत सापडतं.

अंडाशयाची एक गाठ वेगळी सांगायला हवी, ग्रॅन्युलोसा सेल ट्युमर. घोडीच्या अंडाशयाच्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते. घोडी नरासारखी वागायला लागते, दुसऱ्या घोड्यांवर चढते, इतर नरांवर धावून जाते, मान जाड होते, किंवा अजिबात माजावर येत नाही, किंवा सारखीच माजावर. सोनोग्राफीत एक अंडाशय मोठं आणि दुसरं आक्रसून लहान झालेलं दिसतं, रक्तात एएमएच, इनहिबिन आणि टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तपासतात. गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, ते अंडाशय काढलं की वागणं बदलतं आणि दुसरं अंडाशय काही महिन्यांनी परत काम सुरू करतं.

रोजचं सांभाळणं

माजच आहे हे ठरलं तरी बऱ्याच घोड्यांना औषध लागत नाही, माणसाने जरा बदलावं लागतं. नराच्या शेजारचं ठाण द्यायचं नाही, वास आणि आवाज दोन्ही लांब ठेवायचे. रोज मोकळं सोडायचं, तेही ओळखीच्या सोबतीबरोबर, दिवसभर बांधून ठेवलेली घोडी माज नसला तरी चिडतेच. खच्ची केलेले घोडे एका घोडीवरून आपापसात भांडतात, तेव्हा या दिवसांत गट बदलू नका, नवा घोडा सोडू नका.

खरारा करताना कुशीत आणि मांडीच्या आत कडक ब्रश नको, हात फिरवला तरी पुरे. मागून गुपचूप जायचं नाही, खांद्यापासून हात ठेवत आणि बोलत मागे जायचं. तंग एकदम आवळायचा नाही, थोडा लावून चार पावलं चालवून परत एक भोक. बसल्यावर नवीन काही शिकवायला जाऊ नका, येतं तेच करून घ्या, मोठी वर्तुळं, चाल बदलत राहणं, पुढे चालत राहील असं काम, कारण उभी केली की तिचं लक्ष लगेच शेजारच्या घोड्याकडे जातं. लघवीला थांबली तर थांबू द्या. चाबकाने माज उतरत नाही, फक्त दर 21 दिवसांनी मार बसतो एवढं घोडीच्या लक्षात राहतं. पण याचा अर्थ सगळं माफ असाही नाही, अंगावर रेललेली घोडी नेहमीसारखीच बाजूला करायची, नाहीतर हीच सवय माज गेल्यावरही राहते. समूहात फिरताना लाथ मारणाऱ्या घोडीच्या शेपटीला लाल रिबीन बांधायची पद्धत बऱ्याच देशांत आहे, मागच्याने अंतर ठेवावं म्हणून.

औषधं

डॉक्टरांचा पहिला पर्याय बहुधा अल्ट्रेनोजेस्ट, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं तेलकट द्रावण, दर किलो वजनाला 0.044 मिग्रॅ रोज तोंडातून किंवा खाण्यात. दोन-तीन दिवसांत माज दबतो आणि देत राहाल तोवर दबलेला राहतो. हे तपासणी म्हणूनही उपयोगी पडतं, काही आठवडे देऊनही वागणं तसंच असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं, फक्त औषध चालू आहे हे माहीत असलं की आपल्यालाच घोडी सुधारल्यासारखी वाटते, तेव्हा वहीवर विश्वास ठेवा. मोठी सूचना घोडीसाठी नाही, माणसासाठी आहे. हे औषध कातडीतून शरीरात जातं, बायकांची पाळी बिघडू शकते, गरोदर बाईने तर त्याला हातच लावू नये, आणि देणाऱ्याने हातमोजे घालायलाच हवेत. स्पर्धेच्या घोडीला देताना नियम आधी बघा, एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) स्पर्धांत घोडींना ते चालतं पण कागदपत्रं लागतात, रेसिंगचे नियम जागोजागी वेगळे.

माणसांत गर्भनिरोधक म्हणून वापरतात ते मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन बरीच वर्षं घोड्यांना दिलं गेलं, पण प्रयोगात बघितलं तर त्याने घोडीचा माज दबत नाही. ऑक्सिटोसिनची युक्ती जास्त हुशार आहे, बीज सुटल्यापासून 7व्या ते 14व्या दिवसापर्यंत रोज 60 युनिटचं इंजेक्शन दिलं तर बऱ्याच घोड्यांत पिवळी गाठ ठरल्या वेळी विरघळत नाही आणि दीड-दोन महिने किंवा जास्तही माज येत नाही. सगळ्याच घोड्यांत जमत नाही, आणि बीज कधी सुटलं हे नक्की माहीत हवं. जीएनआरएच (अंडाशयाचं काम सुरू करायचा मेंदूतला हार्मोन) याच्या विरोधातली लसही आहे, तिने अंडाशय काही महिने झोपतं, टोचल्या जागी सूज येते, आणि चक्र परत कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो त्यामुळे जिच्यापासून शिंगरू हवंय तिला ती नको.

गर्भाशयात 35 मिमीची काचेची गोटी ठेवायचा प्रकार मध्यंतरी फार चालला. निम्म्याहून कमी घोड्यांतच उपयोग होतो, वर गोटी आत फुटल्याची आणि विसरून वर्षानुवर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत, आता डॉक्टर सहसा नको म्हणतात. रास्पबेरीची पानं, मॅग्नेशियम, निर्गुंडीच्या जातकुळीतल्या चेस्टबेरीची पावडर वगैरे गोष्टी भरपूर विकल्या जातात, माज थांबवल्याचा चांगला पुरावा कशाचाच नाही.

राहिलं ऑपरेशन. दोन्ही अंडाशयं काढली की माज कायमचा गेला असं कुणालाही वाटेल, पण घोडीत तसं होत नाही. माज आणायला थोडं इस्ट्रोजेन पुरतं आणि ते मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतूनही मिळतं, थांबवायला लागणारं प्रोजेस्टेरॉन मात्र अंडाशयाबरोबरच गेलेलं असतं. त्यामुळे अशा काही घोड्या हंगाम बिगरहंगाम कधीही नराला उभ्या राहतात, इतक्या की वीर्य गोळा करायच्या केंद्रांवर नरापुढे उभी करायला मुद्दाम अंडाशयं काढलेलीच घोडी ठेवतात.