बोटांवरची टोपी आणि करवत अडवणारा बूट

वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की सातारा जिल्ह्यात झाडे छाटण्याची घाई सुरू होते. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या, रस्त्यावर झुकलेले गुलमोहर आणि घराच्या पत्र्यावर आलेली सुबाभूळ हे सगळे पावसाळ्यापूर्वी उरकायचे असते. (छाटणी म्हटल्यावर तासगावकडच्या माणसाला द्राक्षबाग आठवेल; येथे विषय आहे तो चेनसॉने, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट कटर म्हणतात त्या यंत्राने होणाऱ्या छाटणीचा.) या कामासाठी बूट घ्यायला गेलेल्या माणसाने दुकानात ‘सेफ्टी शूज’ मागितले की त्याच्यापुढे बोटांवर पोलादी टोपी असलेला बूट ठेवला जातो, आणि पायाची काळजी मिटली असे समजून तो घरी येतो. प्रत्यक्षात त्याची अर्धीच काळजी मिटलेली असते, कारण चेनसॉची फिरती साखळी अडवणारा बूट वेगळाच असतो.

पोलादी टोपीचा बूट हा पाय चेपण्यापासून वाचवण्यासाठी बनवलेला आहे. आय.एस. 15298 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार त्याच्या टोपीने 200 ज्यूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे साधारण 20 किलोचे वजन एक मीटरवरून पडले तरी बोटे शाबूत राहिली पाहिजेत. कारखान्यात किंवा गोदामात हे पुरेसे ठरते. झाडाखाली मात्र हिशेब लवकर बिघडतो, कारण एक फूट जाडीचा आणि मीटरभर लांबीचा ओला ओंडका सहज 60 किलोच्या आसपास भरतो आणि तो एक मीटरवरून नव्हे, चार-पाच मीटरवरून येतो. त्यामुळे जमिनीवर गडगडणाऱ्या किंवा हातातून निसटलेल्या लहान ओंडक्यापासून ही टोपी वाचवेल. शेंड्यावरून सुटलेल्या ओंडक्यापुढे फांदीखाली उभे न राहणे हाच उपाय आहे.

चेनसॉची जखम वेगळ्याच जागी होते. फांदी कापून संपते त्या क्षणी यंत्राखालचा आधार जातो, ते आपल्या वजनाने खाली झुलते आणि पुढे टाकलेल्या पायावर, बहुधा डाव्या पायावर, येते. तेथे बोटांच्या मागचा चवडा, पावलाची वरची बाजू आणि नडगी हे सारे नुसत्या चामड्याखाली असते. आमच्या बांधावरची सुबाभूळ उतरवायला आलेल्या एका कामगाराच्या बुटावर मी हे पाहिले आहे: टोपीवरचे चामडे सोलून पोलाद चकाकत होते, त्यावर साखळीचा तिरपा ओरखडा होता आणि तो ओरखडा जेथे संपत होता तेथून पुढे चामड्याला चार बोटे लांबीची चीर होती. साखळी टोपीवरून घसरून वर सरकली होती. आत मोज्यापर्यंतच गेली, हे त्याचे नशीब.

अशी जखम कोयत्याच्या घावासारखी सरळ नसते. साखळी मांसाची पट्टीच काढून नेते, कडा फाटक्या राहतात आणि आत भुसा व साखळीचे तेल जाते, म्हणून स्वच्छ कापडाने घट्ट दाब देऊन थेट दवाखाना गाठावा. हळद किंवा माती भरू नये. चेपलेल्या पायाचे उलटे असते, तेथे रक्त दिसत नाही, पण सूज वाढत जाते आणि आतले हाड मोडलेले असू शकते.

करवत अडवणाऱ्या बुटाची युक्ती टणकपणात नाही. त्याच्या पुढच्या भागात लांब, चिवट तंतूंचे थर असतात. साखळी वरचे आवरण फाडून आत शिरली की ते तंतू ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात गुंततात आणि साखळी थांबते. आय.एस.ओ. 17249 या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी साखळीच्या वेगानुसार चार पातळ्या आहेत: सेकंदाला 20, 24, 28 आणि 32 मीटर. पहिल्या पातळीचा वेगसुद्धा ताशी 72 किलोमीटर होतो. ढालीत काढलेले चेनसॉचे चित्र ही या बुटाची खूण आहे. त्याच्यातही बोटांवर टोपी असतेच, म्हणून हा बूट पोलादी टोपीच्या बुटाचे काम करू शकतो. टोपीचा बूट याचे करू शकत नाही.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. तंतू पुढच्या बाजूला असतात, टाचेकडे नाहीत. हा बूट विजेपासून वाचवत नाही. तारेजवळच्या कामाला लाइन बंद करून घ्यावीच लागते. एरवी अनवाणी झाडावर चढणाऱ्याला तो जड आणि अवघडही वाटतो, आणि ती तक्रार खोटी नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा साखळी लागलेला बूट पुन्हा वापरायचा नसतो. एवढा महाग बूट टाकवत नाही, म्हणून तो चांभाराकडे जातो आणि जाड दोऱ्याची भक्कम शिलाई होऊन परत येतो. पण त्या शिलाईने आतले तंतू जागच्या जागी टाचले गेलेले असतात, आणि पुढच्या वेळी त्यांना सुटून चाकापर्यंत पोहोचताच येत नाही.