आधी भाडे पडते, मग तिकीट लागते

बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारच्या गल्लीत एक दुमजली कौलारू घर बरीच वर्षे कुलपात होते. मागे परडे, परड्यात विहीर, विहिरीला लागून पिंपळ. गल्लीत दोन खोल्यांना जे भाडे चालू होते त्याच्या निम्म्यात ते अख्खे घर मिळायचे, तरी कोणी महिना-दोन महिन्यांवर टिकत नसे. का, असे विचारले की उत्तर ठरलेले, "जागा बरी न्हाई ओ." भूत हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. पलीकडची कानडी आज्जी तेवढी सरळ 'देव्व' म्हणायची. कानडीत भुताला देव्व आणि देवाला देवरू, त्यामुळे आज्जी रात्री नक्की कोणाचे नाव घेऊन हात जोडते, हे आम्हा मराठी पोरांना लवकर कळले नाही.

आता मोबाईलवर जगातल्या झपाटलेल्या जागांच्या याद्या फिरतात. एडिंबरा, पॅरिस, व्हेनिस, कॅलिफोर्निया, राजस्थान. गोव्याला निघालेली पोरे वाटेतल्या अशाच एखाद्या जागेवर गाडी थांबवून रील करतात. ज्या जागेवरून आजोबा दिवेलागणीनंतर जात नसत, तिथे नातू पेट्रोल जाळून जातो. हे कधीपासून सुरू झाले, याचा माग काढताना मला त्या घराचे निम्मे भाडे सारखे आठवत राहिले.

कारण झपाटलेल्या घराची एक फार जुनी गोष्ट भाड्यापासूनच सुरू होते. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला रोमन लेखक धाकटा प्लिनी याने सुरा नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात ती सांगितली आहे. अथेन्समध्ये एक ऐसपैस घर होते. रात्री साखळ्यांचा आवाज यायचा, मग हाडकुळा, दाढी वाढलेला, हातापायांत बेड्या असलेला म्हातारा दिसायचा. घर ओस पडले. मालकाने विकायला किंवा भाड्याने द्यायला पाटी लावली. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ तिथे आला, त्याने आकडा वाचला आणि इतके स्वस्त कसे, म्हणून चौकशी केली. खरे कळल्यावर त्याने घर आणखीच उत्साहाने घेतले. रात्री दिवा, लेखणी आणि लिहायच्या पाट्या घेऊन बसला. म्हातारा आला, बोटाने खुणावू लागला. अथेनोडोरसने हातानेच 'थांब जरा' अशी खूण केली आणि लिहीत राहिला! भूत डोक्याशी येऊन साखळ्या वाजवू लागले तेव्हा तो दिवा घेऊन उठला, मागोमाग गेला. अंगणात एका ठिकाणी ते नाहीसे झाले. त्याने तिथे गवत-पाने ठेवून खूण केली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगून खणले तर साखळ्यांत गुंतलेली हाडे निघाली. त्यांचे रीतसर दफन झाले आणि घर शांत झाले.

खरे-खोटे प्लिनीलाही ठरवता आलेले नाही, म्हणून तर तो मित्राचे मत विचारतो. पण यातले गणित आमच्या गल्लीला परके नाही. माणूस अवेळी गेला, त्याचे क्रियाकर्म झाले नाही, त्याला गती मिळाली नाही, म्हणून तो अडकला. आपल्याकडचा मुंजा असाच. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो पिंपळावर बसला. खानापूरच्या रानात चकवा लागतो, विहिरीत आसरा, म्हणजे जलदेवता, असतात, आणि निपाणी भागातल्या भुताने वाटसरूकडे तंबाखू मागितली नाही तरच नवल. ही मंडळी बघायला मात्र कोणी जात नाही. नारळ ठेवायचा, मागे वळून न बघता घर गाठायचे. अथेन्समध्येही लोक भूत बघायला रांग लावत नव्हते.

रांग लागली ती पॅरिसमध्ये, राज्यक्रांतीनंतर. 1798 मध्ये एतिएन-गास्पार रोबेर याने 'फँटास्मागोरिया' नावाचा खेळ सुरू केला आणि लवकरच तो कापुचिन या ख्रिस्ती पंथाच्या ओस पडलेल्या मठात नेला. चाकांवरचा मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचे चित्र पडद्यावर पाडणारा दिवा, पडद्यामागून पुढे-मागे सरकवायचा, म्हणजे सांगाडा प्रेक्षकांच्या अंगावर येतो असे वाटते. जोडीला धूर, अंधार आणि काचेच्या वाद्याचा अंगावर काटा आणणारा सूर. ही सगळी करामत प्रकाशाची आहे, असे तो स्वतःच प्रेक्षकांना सांगायचा. लोक तरी ओरडायचे, आणि पुन्हा पैसे देऊन यायचे. गिलोटिनखाली शेजाऱ्यांची डोकी पडलेली पाहून चार-पाच वर्षे झाली होती. अशा माणसांना पैसे देऊन भ्यावेसे का वाटले असेल, याचा मला नीट उलगडा होत नाही. कदाचित ही भीती आपल्या वेळेला सुरू होते आणि दाराबाहेर पडले की संपते, एवढेच पुरेसे असेल.

त्याच शहरात खरी हाडेही मांडली जात होती. 1780 मध्ये सेंट इनोसंट्स या जुन्या दफनभूमीला लागून असलेल्या तळघराची भिंत प्रेतांच्या भाराने कोसळली. 1786 पासून शहराखालच्या दगडखाणींत हाडे हलवायला सुरुवात झाली, आणि शेवटी सुमारे साठ लाख माणसांचे अवशेष खाली गेले. आधी ती नुसती ओतली होती. पुढे कवट्या आणि मांड्यांची हाडे सरपण रचावे तशी नीट रचली गेली, आणि 1809 पासून लोकांना आत सोडू लागले. जमिनीखाली वीसेक मीटरवर आज तिकीट काढून जाता येते. झपाटलेल्या जागांच्या यादीत हे नाव हमखास असते, खरे तर ती महापालिकेने सोडवलेली जागेची अडचण आहे.

याद्यांतल्या कितीतरी नावांखाली असाच रोग, खून किंवा दुष्काळ दडलेला असतो, आणि भूत त्यावर नंतर चढलेले असते. एडिंबरातल्या मेरी किंग्ज क्लोज या बोळात 1645 ला प्लेग शिरला. 1753 पासून वर रॉयल एक्स्चेंजची इमारत उठली, बोळ तिच्या पोटात गेला. प्लेगच्या रोग्यांना आत कोंडून भिंती घातल्या, ही कथा मागाहून रंगली. 1990 च्या दशकात एका जपानी बाईला तिथे एक लहान मुलगी रडताना 'जाणवली', बाईने तिच्यासाठी बाहुली आणून ठेवली, आणि तेव्हापासून येणारे-जाणारे बाहुल्या, टेडी, नाणी ठेवू लागले. खोलीच्या कोपऱ्यात खेळण्यांचा ढीग. आपल्याकडच्या नवसाच्या जागेहून याचे रूप फार वेगळे नाही, फक्त 2003 पासून तिथे तिकीट आहे.

प्लेग म्हटले की आपली गोष्ट येतेच. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत रेल्वेच्या वाटेने धारवाड-बेळगावकडेही पोचला. उंदीर पडू लागले की घराला कुलूप लावायचे, मुलेबाळे, गुरे, धान्य घेऊन शिवाराबाहेर माळावर झोपडीत राहायला जायचे. साथ ओसरल्यावर परत आलेल्यांना काही घरे कायमची बंद दिसली, कारण उघडायला कोणी उरलेच नव्हते. 1897 च्या मे महिन्यात लंडनमध्ये 'ड्रॅक्युला' छापून बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात, 22 जूनला, पुण्यात चापेकरांनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. तिकडे लोक दिव्याखाली बसून रोमानियातल्या रक्तपिपासू सरदाराला भीत होते, इकडे स्वतःच्या घराला. कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर रोमानियाला कधी गेलाच नव्हता, तरी तिथल्या ब्रान किल्ल्यावर आज ड्रॅक्युलाच्या नावाने गर्दी होते. आमच्याकडच्या कुलपातल्या घरांवर कादंबरी झाली नाही. ती नुसती 'बरी नसलेली जागा' झाली.

साथीच्या भीतीचे आपल्याकडे वेगळेच काही झाले. ती मरगाईच्या देवळात गेली, गावाच्या वेशीवर. बेळगावच्या गल्ल्यांत आणि आसपासच्या खेड्यांत अजून वार पाळणूक होते. ठरलेल्या वारी कामधंदा बंद, देवीला गाऱ्हाणे. करोनाच्या काळातही वार पाळले गेले. नंदगडला 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी आपल्याशी लढणाऱ्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फासावर दिले. फाशीची जागा, वर पसरलेला वड, आजूबाजूला रान. इंग्लंडात असती तर रात्री कंदील घेऊन फिरवणारा गाईड मिळाला असता. इथे समाधीजवळच्या वडाला लोक लाकडी पाळणे बांधतात, मूल व्हावे म्हणून.

भुताची ख्याती आणि पैसा यांचे नाते उलटे कसे झाले, ते अमेरिकेत स्वच्छ दिसते. बंदुकीच्या कारखान्याची वारसदार विधवा सारा विंचेस्टर हिने 1886 मध्ये सॅन होजेजवळ एक शेतघर घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याला खोल्या जोडत राहिली. छताला जाऊन थांबणारे जिने, भिंतीवर उघडणारी दारे, खोल्या सुमारे 160. कारण असे सांगतात की बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे चकावेत म्हणून. हे तिने स्वतः कुठे लिहून ठेवलेले नाही. बाई 1922 च्या सप्टेंबरात गेली आणि 1923 मध्ये घर पैसे घेऊन दाखवायला सुरुवातही झाली. वर्षश्राद्धही पुरते झाले नव्हते म्हणायचे.

आणि 1991 चा न्यूयॉर्कमधला खटला तर अथेन्सचाच दुसरा अंक. नायॅक गावातल्या घरमालकिणीने आपल्या घरात भुते आहेत हे मासिकात, वर्तमानपत्रात छापून आणले होते. बाहेरगावच्या माणसाने साडेसहा लाख डॉलरला सौदा केला, आणि मग त्याला हे कळले. न्यायालयाने म्हटले, मालकिणीनेच जगजाहीर केले आहे, तेव्हा कायद्यापुरते हे घर झपाटलेलेच, आणि त्याला सौद्यातून मोकळे केले. खरेदीच्या आधी घर तपासताना भूत सापडत नसते, असा साधा युक्तिवाद. आपल्याकडे घर घेताना आधी गल्लीत चहा प्यायला बसतात, ते याचसाठी.

भारतातल्या नावांबद्दल थोडक्यात. पुण्याच्या शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारले. पौर्णिमेला 'काका मला वाचवा' ऐकू येते, हे शाळेच्या सहलीत आम्हालाही सांगितले होते, भर दुपारी बारा वाजता. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, ही त्याहून अंगावर येणारी गोष्ट बसमध्ये कोणी सांगितली नाही. राजस्थानातल्या भानगडला सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असल्याची पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. लोक तीच पाटी भुताचे सरकारी प्रमाणपत्र म्हणून फोटो काढून पाठवतात. ओस पडलेल्या किल्ल्यात अंधारात पाय मोडू नये, हे कारण कोणालाच पुरत नाही. आपल्या सीमाभागातून विजापूरची साठ कबर या याद्यांत गेली आहे. एका चौथऱ्यावर ओळीने सारख्या कबरी. अफजलखानाने 1659 च्या स्वारीआधी आपल्या बायकांना मारून इथे पुरले, अशी दंतकथा. कबरी बघताना मला भूत आठवले नाही, एवढे मात्र खरे. दगड सगळे एका मापाचे आहेत, त्याचीच भीती वाटली.

जागा 'जाणवते' याला कधी कधी साधे कारण निघते. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या व्हिक टँडी या इंजिनिअरने 1998 मध्ये आपलाच अनुभव मांडला. प्रयोगशाळेत रात्री एकटा बसला असता घाम फुटला, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली, वळला तर काही नाही. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी फॉइल या बारीक तलवारीचे पाते शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून दुरुस्त करत होता, तर ते आपोआप थरथरू लागले. खोलीत नवा एक्झॉस्ट पंखा बसवला होता. त्याची कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला 19 कंपनांच्या आसपासची लाट खोलीच्या लांबीत बरोबर बसत होती. पंख्याची बसवणूक बदलली आणि भूत गेले. सगळ्या भुतांचा निकाल एका पंख्याने लागतो असे नाही, पण मांत्रिक बोलवायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवायला काय हरकत आहे?

बेळगावात रात्री लोक मुद्दाम जातात अशी एक जागा आहे, सदाशिवनगरची स्मशानभूमी. 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, इथले राजकारणी सतीश जारकीहोळी यांच्या मानव बंधुत्व वेदिका या संघटनेने तिथे कार्यक्रम सुरू केला. भाषणे, जेवण आणि मुक्काम, स्मशानातच. चितेच्या चौथऱ्यांजवळ बसून भात-सार जेवणारी माणसे पहिल्या वर्षी पाहून आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी कानाला हात लावले होते. तिकीट अर्थात नाही.

शहापुरातले ते घर पाच-सहा वर्षांपूर्वी पाडले. बहुमजली इमारत उठली. विहीर बुजवली, पिंपळाला मात्र हात लावायला एकही गडी तयार होईना, म्हणून त्याला पार बांधला आणि पार्किंग त्याच्या कडेने वळवून घेतले. दर अमावास्येला पारावर नारळ आणि लिंबू दिसतात, कोण ठेवतो कळत नाही. फ्लॅट सगळे गेले. पिंपळाकडे बाल्कनी उघडणारा पहिल्या मजल्यावरचा तेवढा राहिला होता. तो गेल्या दिवाळीत एका बँकेतल्या माणसाने घेतला, बदलून आलेल्या, बाहेरगावच्या. चौरस फुटाला बाकीच्यांपेक्षा चारशे रुपये कमी.