‘ताट’ आणि ‘थाट’ यांच्यामधला वेळ

‘ताट’ आणि ‘थाट’ एकदा सावकाश म्हणून पाहा. जीभ दोन्ही वेळा दातांमागे एकाच जागी टेकते. ‘ताट’ म्हणताना जीभ सुटताक्षणी कंठ घुमू लागतो, ‘थाट’ म्हणताना आधी थोडी हवा निसटते. हा उशीर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. असलं वेळेचं गणित आपण दिवसभर नकळत सोडवतो, आणि त्यात मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्काचा मोठा वाटा असतो.

फ्रेडराइख अटॅक्सिया या हालचालींचा मेळ बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारात हेच गणित विस्कटतं. जर्मनीत हायडेलबर्गला शिकवणाऱ्या निकोलाउस फ्रेडराइख यांनी १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यामागचं जनुक सापडायला मात्र १९९६ साल उजाडलं. नवव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात ‘जीएए’ ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती सहसा तीसेक वेळांच्या आत थांबतात, रुग्णात बहुधा शेकड्यांनी असतात. मग जनुक नीट वाचलंच जात नाही आणि फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन फार थोडं बनतं. ते कमी पडलं की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात लोहाचा कारभार बिघडतो आणि काही चेतापेशी झिजू लागतात. आई-वडील दोघांकडून जनुकाची सदोष प्रत आली तरच आजार होतो. ते दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात असं कोणालाच नाही’ म्हणणारं कुटुंब खोटं बोलत नसतं.

बहुतेकांची आधी चाल डळमळते, साधारण दहा ते पंधराव्या वर्षी. बोलणं नंतर बिघडतं. शब्द संथ होतात, अक्षरं सुटी सुटी पडतात, एखादं मध्येच जोरात येतं, वाक्य संपण्याआधी श्वास संपतो. वाचा-उपचारतज्ज्ञ ‘प-ट-क, प-ट-क’ असं भरभर म्हणायला लावतात: ओठ, जिभेचं टोक आणि जिभेचा मागचा भाग, तिघांची पाळी एकामागून एक. इथे ताल चुकतो तो लगेच कानाला कळतो.

या दोषाला डिसार्थ्रिया म्हणतात. शब्द डोक्यात तयार असतात, अडतो तो उच्चार. अनोळखी माणसाला मात्र वाटतं, हा पिऊन आलाय. क्रूर गैरसमज, पण त्यालाही शारीरिक कारण आहे: दारूसुद्धा अनुमस्तिष्कालाच गाठते.

आजार मुळातून बरा करणारं औषध अजून नाही. ओमाव्हेलोक्सोलोन या कॅप्सूलला अमेरिकेत २०२३ मध्ये सोळा वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. तिचा हेतू आजाराची गती कमी करण्याचा. बोलण्यासाठी लहान वाक्यं, ठरवून घेतलेले श्वास आणि मुद्दाम कमी केलेला वेग शिकवतात. गिळणंही याच स्नायूंचं काम, म्हणून पाणी पिताना ठसका लागू लागला तर तेही तज्ज्ञांना सांगायला हवं.

समोरासमोर निदान ओठ दिसतात, हातवारे मदतीला येतात. कठीण तो फोन. पलीकडचा माणूस एवढ्याशा शांततेत ‘हॅलो, हॅलो’ करत स्वतःच बोलू लागतो, आणि अर्धं वाक्य तसंच राहतं.