कॅरी की टोटल? स्वस्त लाँच मॉनिटरवरचा कोणता आकडा धरायचा

गोल्फचा चेंडू किती वेगाने आणि किती दूर गेला ते सांगणारी यंत्रं, म्हणजे लाँच मॉनिटर, स्वस्त झाली तशी रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, गप्पांमधली अंतरं वाढली. "माझा सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) दीडशे यार्ड जातो" असं कोणी सांगितलं की आधी विचारावं, दीडशे उडून जातो की घरंगळणं धरून? चेंडू हवेतून जिथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे कॅरी. तिथून उसळून, घरंगळून जिथे थांबतो तिथपर्यंतचं म्हणजे टोटल. यात अवघड काहीच नाही. पण यंत्र हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच ठसठशीत अक्षरांत दाखवतं आणि त्यामुळे ते सारखेच खरे वाटतात. तसे ते नसतात.

आकडे येतात कुठून ते पाहू. ट्रॅकमॅनसारखं लाखो रुपयांचं रडार मोकळ्या मैदानात चेंडूचा खाली येईपर्यंत पाठलाग करतं. २०२१ मध्ये अमेरिकेत ६०० डॉलरला आलेलं गार्मिनचं अप्रोच आर१० चेंडूच्या मागे सहा ते आठ फुटांवर ठेवायचं असतं. त्याला उड्डाणाचा सुरुवातीचा भाग नीट कळतो: चेंडूचा वेग, तो किती अंशांत उठला, कोणत्या दिशेला निघाला. पुढचं गणित. स्पिनचाही, म्हणजे चेंडू स्वतःभोवती किती फिरतो त्याचाही, बराचसा अंदाजच. म्हणजे कॅरीसुद्धा हिशोबानेच काढलेली असते, पण त्या हिशोबाचा पाया मोजलेला असतो. टोटल काढताना त्यावर आणखी एक गृहीतक चढतं, ते म्हणजे जमीन किती कडक आहे. आणि जमीन तर यंत्राला दिसतच नाही. चेंडू शंभर यार्डांवरच्या जाळीत अडकला तरी टोटल येतेच.

याहून स्वस्त यंत्रांत मामला आणखी नाजूक. जपानी पीआरजीआरचं छोटं रडार वेग छान मोजतं, पण चेंडू किती अंशांत उठला ते त्याला कळत नाही. म्हणून हातात कोणता क्लब आहे ते बटण दाबून आधी सांगावं लागतं आणि त्या क्लबच्या लॉफ्टवरून, म्हणजे तोंडाच्या तिरकसपणावरून, ते अंतर काढतं. सेव्हन आयर्नवरून वेजवर (जवळच्या, उंच शॉटच्या क्लबवर) गेलात आणि बटण दाबायचं राहिलं, तर वेजचं अंतर भलतंच निघेल. चेंडूच्या डोक्यावर क्लब बसून तो जमिनीलगत सरपटत गेला, तरी वेग बरा असेल तर आकडा ऐटीत येईल. अशा यंत्रावर कॅरीपेक्षा बॉल स्पीडच वाचावा. तो खरोखर मोजलेला असतो.

आता सरावाकडे. टोटलचा खरा तोटा असा की ती चांगला आणि वाईट शॉट एकाच रांगेत बसवते. उदाहरणादाखल एका बेताच्या क्लब गोल्फरचा सेव्हन आयर्न घ्या. चेंडू मध्यावर लागला, उंच गेला: कॅरी १४०, टोटल १४७. पुढचा थिन लागला, क्लबच्या खालच्या कडेने. चेंडू बुटका निघाला, कॅरी १२४, पण सपाट उतरल्यामुळे पळत राहिला आणि टोटल १४५ भरली. टोटलच्या रकान्यात फरक दोन यार्डांचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. कॅरीच्या रकान्यात सोळा यार्डांचा. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतालच्या हिरवळीच्या, तोंडावर बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर पहिला चेंडू ग्रीनवर आणि दुसरा वाळूत. तासभर टोटल बघत सराव केला की माणूस थिन शॉटवर खूश व्हायला शिकतो. माझा सल्ला सरळ आहे: यंत्राच्या अॅपमध्ये टोटल लपवता येत असेल तर आयर्नचा सराव करताना लपवा.

वेजला हा वाद फारसा नाही. चेंडू इतका उभा उतरतो की कॅरी आणि टोटल जवळपास एकच.

मोठी दरी पडते ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबला, आणि फुशारकीही तिथेच असते. ट्रॅकमॅनच्या जुन्या, बहुतेकांना माहीत असलेल्या तक्त्यात पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुषांच्या) खेळाडूंची ड्रायव्हरची सरासरी कॅरी २७५ यार्ड आणि क्लबचा वेग ताशी ११३ मैल आहे. तो तक्ता बघून आपण उगीच हिरमुसतो. त्याच्या शेजारचा एलपीजीएचा, म्हणजे व्यावसायिक महिलांचा, रकाना बघावा: क्लबचा वेग ९४ मैल, चेंडूचा १४०, कॅरी २१८, सेव्हन आयर्नची कॅरी १४१. आपल्याकडच्या कितीतरी पुरुष गोल्फरांचा ड्रायव्हरचा वेग याच पट्ट्यात असतो. तरीही ९४ मैलाला २१८ कॅरी येत नसेल, तर वेग कमी पडत नाहीये, चेंडू मध्यावर लागत नाहीये. बॉल स्पीडला क्लबच्या वेगाने भागलं की ते कळतं. ड्रायव्हरला हा भागाकार दीडच्या आसपास आला की उत्तम, १.३५ आला तर चेंडू टोकाला किंवा टाचेला लागतोय. पण स्वस्त रडारवर क्लबचा वेग बॉल स्पीडइतका भरवशाचा नसतो, तेव्हा एकाच शॉटच्या भागाकारावरून निष्कर्ष काढू नका.

महाराष्ट्रात खेळणाऱ्याला टोटलवर विसंबून न राहण्याचं आणखी एक कारण आहे, ऋतू. मे महिन्यात पुण्याचे फेअरवे (ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्या) इतके कडक होतात की बरा बसलेला ड्राइव्ह पडल्यावर तीस-चाळीस यार्ड पळू शकतो. जुलैत तोच चेंडू पडल्या जागी रुततो, चिखलाचा गोळा होऊन हाती येतो. अॅप मात्र बारा महिने तीच जमीन धरून बसतं. काही अॅपमध्ये जमीन मऊ, मध्यम, कडक अशी निवडता येते, पण रेंजवर ती सेटिंग बदलताना मी कोणालाच पाहिलेलं नाही.

कॅरीही स्थळकाळापासून अगदी मुक्त नसते, पण तिचे बदल छोटे आणि समजण्यासारखे असतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हवा विरळ. ढोबळ हिशोबाने दर हजार फुटांना कॅरी एक-दोन टक्के वाढते. म्हणजे समुद्रसपाटीजवळच्या चेंबूरला किंवा खारघरला १५० उडणारा चेंडू पुण्यात १५३ ते १५५ च्या आसपास उडेल. अॅपमध्ये उंची आणि तापमान घालायची सोय असेल तर एकदा भरून ठेवावं.

त्याहून मोठी गडबड रेंजचे चेंडू करतात. कडक कवचाचे, झिजलेले, काहींचे खळगे गुळगुळीत झालेले. कॅरी पाच टक्क्यांनी सहज घटते, कधी जास्त. सरावाचे आकडे जसेच्या तसे कोर्सवर नेले तर ग्रीनच्या मागे जाल. यावर उपाय: स्वतःचे खेळायचे दोन-तीन चेंडू मारून बघता येतील अशी जागा मिळाली, तर त्यांची आणि रेंजच्या चेंडूंची कॅरी एकाच दिवशी, एकाच क्लबने लिहून घ्या. मिळालेला फरक आपला. रेंजवर ज्या कृत्रिम गवताच्या चटईवरून मारतो, त्या मॅटचीही एक खोड आहे. क्लब चेंडूच्या दोन इंच आधी मॅटवर आपटला तरी घसरून चेंडूला लागतो आणि आकडा ठीकठाक येतो. गवतावर तोच शॉट फॅट जाऊन, म्हणजे क्लब आधी जमिनीत घुसून, निम्म्यात पडतो. हे कोणतंच स्वस्त यंत्र पकडत नाही, कानांना आवाज कळतो.

वहीत काय लिहायचं? प्रत्येक क्लबचे दहा शॉट मारा, फक्त कॅरी लिहा, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधल्या दोघांच्या आसपासचा धरा. सरासरी नको, एक टॉप झालेला (चेंडूच्या डोक्यावर बसलेला) शॉट तिला खाली खेचतो. सर्वांत लांब गेलेला तर मुळीच नको. तो आपला क्लब असं मानण्याची हौस सगळ्यांना असते. शेजारी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडाही लिहा. सेव्हन आयर्न १२४ ते १४३ असा फिरत असेल, तर नव्या क्लबपेक्षा त्या १९ यार्डांवर काम करणं स्वस्त पडतं. मग दोन लगतच्या क्लबमधलं अंतर बघा. पिचिंग वेज १०५ आणि सँड वेज ७५ निघाला, तर मधल्या तीस यार्डांसाठी अर्ध्या स्विंगचा शॉट बसवावा लागेल, किंवा बॅगेत आणखी एक वेज.

टोटल निरुपयोगी असते असं मात्र नाही. टीवरून, म्हणजे होल सुरू होतो तिथून, ड्रायव्हर मारताना पुढे २३५ यार्डांवर नाला असेल, तर चेंडू उडतो किती यापेक्षा थांबतो कुठे हे महत्त्वाचं. फक्त ती टोटल रेंजवरच्या स्क्रीनवरून घेऊ नका. जीपीएस घड्याळात शॉटचं अंतर मोजता येतं. सपाट होलवर चांगला बसलेल्या ड्राइव्हपाशी चालत जाऊन ते वाचा, त्यातून वहीतली कॅरी वजा करा, रेंजच्या चेंडूंचा फरक आधी मिळवून. उरेल तो त्या महिन्यातला, त्या कोर्सवरचा रोल. पहिल्या जोरदार पावसानंतर पुन्हा मोजा.