रंगाचं नाव सांगा, पण कोडही पाठवा
वेबसाइटचं काम सुरू करण्याआधी आमच्या ग्राहकांसाठी

"मोरपंखी द्या" असं कुणी सांगितलं की रंगाचा अंदाज येतो, पण नेमका रंग हाती लागत नाही. तुमच्या मनातला मोरपंखी निळ्याकडे झुकणारा असेल, आमच्या डिझायनरचा हिरव्याकडे. पडद्यावरचा रंग आकड्यांनी ठरतो, म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही रंगाचा कोड, म्हणजे तो आकड्या-अक्षरांत लिहिलेला, मागतो.

कोड वाचायचा कसा?

हॅशच्या चिन्हापुढे सहा जागा असतात. त्यांत ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं येतात. पहिली जोडी लाल प्रकाशाची, दुसरी हिरव्या, तिसरी निळ्या. '००' म्हणजे तो प्रकाश बंद आणि 'एफएफ' म्हणजे पूर्ण. आता #८००००० घ्या. इथे मोजणी सोळाच्या पटीत असते: 'एफएफ' म्हणजे २५५ आणि '८०' म्हणजे ८ × १६, म्हणजे १२८. म्हणून यात लाल निम्म्यावर आहे आणि बाकीचे दोन्ही बंद. दिसतो तो गडद मरून. #८०८०८० मध्ये तिन्ही सारखे, म्हणून राखाडी. एवढं लक्षात आलं की कोड पाहूनच रंग कोणत्या बाजूचा आहे ते कळायला लागतं. असे सुमारे १ कोटी ६७ लाख रंग लिहिता येतात.

मग नावांचं काय?

ब्राउझरला थेट समजतात अशी इंग्रजी नावं १४८ आहेत. त्यांतही 'ॲक्वा' आणि 'सायन' हा एकच रंग. बरीचशी नावं एक्स११ या संगणकाच्या पडद्यावर खिडक्या आणि चित्रं दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीतून आली आहेत आणि तिथली विसंगतीही सोबत आली: 'डार्कग्रे' हा चक्क 'ग्रे'पेक्षा फिका आहे. 'ग्रीन' म्हणजे #००८०००, बराच गडद. झगझगीत हिरवा हवा असेल तर त्याचं नाव 'लाइम'. नावावर विसंबून रंग ठरवू नका असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

या यादीतल्या एका नावाबद्दल मात्र आम्हाला मनापासून जिव्हाळा आहे. सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) कामासाठी ओळखले जाणारे एरिक मायर यांची सहा वर्षांची मुलगी रेबेका २०१४ मध्ये गेली. तिच्या आठवणीसाठी त्याच वर्षी #६६३३९९ या जांभळ्या रंगाला 'रेबेकापर्पल' हे नाव मिळालं.

कोड शोधायचा कसा?

लोगो ज्यांनी बनवला त्यांच्याकडे मूळ फाइल मागा, त्यात कोड असतोच. ती नसेल आणि रंग एखाद्या वेबसाइटवर दिसला असेल, तर फायरफॉक्सच्या मेनूत 'मोअर टूल्स'मध्ये 'आयड्रॉपर' आहे. तो रंगावर नेला की कोड दिसतो, क्लिक केलं की कॉपी होतो. जेपेग चित्रातून रंग उचलताना कडेचा भाग टाळा. तिथे शेजारचे रंग मिसळलेले असतात. सपाट भागाच्या मध्यावर दोन-तीन ठिकाणी तपासा. छापील कार्डाचा मोबाइलने काढलेला फोटो मात्र पाठवू नका. खोलीतला उजेड आणि कॅमेरा दोघेही रंग बदलतात, आणि मग तुमच्या ब्रँडचा रंग आम्हाला अंदाजाने ठरवावा लागतो.

अक्षरं वाचता आली पाहिजेत

आवडता रंग मजकुरासाठी चालेलच असं नाही. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्टचं (फिक्या-गडदपणातल्या फरकाचं) प्रमाण किमान ४.५ : १ हवं. पांढऱ्यावर #७६७६७६ हा राखाडी जेमतेम बसतो, त्याहून फिका राखाडी बसत नाही. दृष्टी कमजोर असलेल्यांना अशी अक्षरं वाचणं अवघड जातं, त्यामुळे याबाबतीत आम्ही थोडे हट्टी आहोत. तुमचा रंग बसत नसेल तर त्याचीच गडद छटा सुचवू आणि मूळ रंग मथळ्यामागच्या पट्टीला किंवा सजावटीला वापरू.

छपाईसाठी हाच कोड प्रेसला देऊ नका. कागदावर शाईचं गणित वेगळं असतं, त्यासाठी सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंचे) आकडे आमच्याकडून घ्या.

कोड पाठवताना तो इंग्रजी अंक-अक्षरांत टाइप करा, स्क्रीनशॉट नको. प्रत्येक कोडपुढे तो कुठे वापरायचा तेही लिहा: लोगो, बटणं, पार्श्वभूमी की मजकूर.