रानातली दुर्बीण

रानातले जनावर किंवा पाखरू बिथरू न देता लांबून न्याहाळण्याचे दुनळी साधन. तिची पारख हा मुळात शिकाऱ्यांचा विषय. उघड्या डोंगरउतारावर तासन्‌तास बसून समोरची धार धुंडाळणारे परदेशी शिकारी १०×४२ पसंत करतात. भारतात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार जवळपास पूर्ण बंद केली. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानात दुर्बीण आता पक्षी आणि गवे पाहणाऱ्यांच्या गळ्यात दिसते.

८×४२ यातला पहिला आकडा पटीचा: ८० मीटरवरचा गवा १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ ची ५.२५, १०×४२ ची ४.२ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ची जेमतेम २.५ मिमी. अंधूक उजेडात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीपर्यंत फाकते, उतारवयात पाचाच्या आसपास. झोत बाहुलीपेक्षा बारीक असला की चित्र अंधारे दिसते. सुमारे १९० चौ. किमी.च्या भीमगड अभयारण्यात झाडोरा इतका दाट, की जनावरे हिंडतात त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळी प्रकाशाचीच वानवा असते. तिथे १०×२५ घेऊन जाणे म्हणजे दिवा घरी विसरणे. शिवाय पट वाढली की नजरेची चौकट आकसते, हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. फांदीवरून उडालेला धनेश पुन्हा सापडत नाही. म्हणून घाटमाथ्यावर आठपटच बरी.

पूर्वेकडे गोष्ट वेगळी. गोकाकच्या पुढचे उघडे माळ, किंवा शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले यडहळ्ळीचे चिंकारा अभयारण्य, इथे उजेड भरपूर आणि अंतरे लांब. दहापट कामी येते. जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणींवरचे ‘३०×६०’ हे आकडे मात्र बहुधा नुसते रंगवलेले असतात.

घेताना दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखावी. मागच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके पूर्ण गोल हवेत. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या प्रतीच्या काचेचे समजावेत. चष्मेवाल्यांना भिंगापासून डोळा १५ मिमी तरी दूर ठेवून पूर्ण चित्र दिसले पाहिजे. पुष्कळ दुर्बिणींत उजव्या डोळ्याचे वेगळे कडे असते. आधी डावा डोळा मधल्या चाकाने जुळवायचा, मग उजवा त्या कड्याने. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण चांगल्या दुर्बिणीला नावे ठेवतात.

इथला खरा शत्रू पावसाळा. नायट्रोजन भरलेल्या बंद नळीत आतून वाफ धरत नाही, बाहेरून मात्र धरतेच. साध्या दुर्बिणीत ओल शिरली की भिंगावर बुरशीची जाळी पसरते, लेप खाते, आणि तो डाग पुसून जात नाही. चामडी पेटी ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.