खाडीच्या मातीवर प्रकल्प करायचाय? चिखलात उतरण्याआधी हे कागद हातात हवेत

सातारा-सांगलीकडची मुलं खाडीच्या मातीवर प्रकल्प करायचा म्हणतात, तेव्हा घरचे विचारतात, आपल्याकडं समुद्र कुठाय? पण आपल्याच कोयनेचं पाणी वीज तयार करून झालं की वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीला जाऊन मिळतं. त्या काठच्या चिखलात नत्र, स्फुरद, पालाश किती आहे हे आपल्या मुलांनी तपासावं, यात वावगं काहीच नाही. विषय मंजूर होतो, मार्गदर्शक मिळतात आणि मग परवानगीचा अर्ज परत येतो. दरवर्षी हेच बघतोय, आणि कारणंही तीच ती, म्हणून लिहितोय.

आधी पात्रता. पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण ही अट आहे. सहा सत्रांत, एकट्या तिसऱ्या वर्षात नव्हे. पहिल्या वर्षी घसरलेली मुलं इथं चुकतात आणि कळेपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते. आधीच्या वर्षांतल्या छोट्या प्रकल्पाला ही अट लागत नाही, त्यामुळे 68 टक्केवाल्यांनी मन मोडून घेऊ नये.

आता खरा अडथळा. "चिखलच तर घ्यायचाय, त्याला कसली परवानगी?" हा प्रश्न मुलांइतकाच प्राध्यापकांकडूनही ऐकलाय. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये वनोपजाची व्याख्या वाचा. जंगलातली वरच्या थराची मातीसुद्धा त्यात येते. कोकणातली शासकीय जमिनीवरची बरीच कांदळवनं, म्हणजे खाडीकाठची तिवरांची जंगलं, राखीव वन आहेत, म्हणजे तिथली किलोभर मातीही विनापरवाना उचलता येत नाही. शिवाय कांदळवन किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक गटात मोडतं आणि ते 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही. मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल खासगी जमिनीवरच्या कांदळवनालाही लागू आहे. त्यामुळे खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, मालक ओळखीचा असला तरी अर्ज पाठवायचाच.

कुठं पाठवायचा? इथं निम्मे अर्ज वाया जातात. मुलं तो साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या वन कार्यालयात देतात, कारण ते जवळ आहे. माती जिथली, परवानगी तिथली. कांदळवनासाठी वन खात्याचा 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, अर्ज त्याच्या नावे करा. ठाणे खाडी किंवा मालवणसारखं अभयारण्य निवडलंत तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी वेगळी लागते. पहिल्या प्रकल्पाला त्या वाटेला जाऊ नका. साधी, अभयारण्याबाहेरची खाडी निवडा.

अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, मार्गदर्शक आणि प्राचार्य दोघांच्या सहीनं जाऊ द्या. ओळखपत्रं, दोन पानी आराखडा, झाडांना धक्का न लावण्याचं हमीपत्र, हे सगळे जोडतातच. नीट लिहायचं राहून जातं ते नमुन्याचं ठिकाण. "दाभोळ खाडी परिसर" एवढ्यावर कुठलाही अधिकारी सही करणार नाही, आणि करूही नये. प्रत्येक नमुन्याचे अक्षांश-रेखांश, गावाचं नाव, गट नंबर, किती ठिकाणी खोदणार, किती खोल, एकूण किती किलो माती नेणार, हे सगळं लिहा. गट नंबर महाभूनकाशा या शासनाच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर सापडतो. जमीन खासगी निघाली तर सातबारा काढा आणि घाबरू नका. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं सहज असतात, त्यातले निम्मे मुंबईत. एका काकांची सही आणून अर्ज केलेल्या दोन मुलींचा अख्खा हंगाम गेलेला मी पाहिलाय. सगळ्यांच्या सह्या जमत नसतील तर शेजारचा शासकीय गट घ्या, तेवढं दुःख कमी.

तारीखही नीट मागा. आपल्याकडचा माणूस रविवार बघून तारीख टाकतो, पण खाडी रविवार पाळत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते आणि चिखल जास्तीत जास्त उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला. म्हणून एक दिवस मागू नका, पंधरवडा मागा. आणि अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. "साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात फोन करा" हे ऐकून परत आलेल्या मुलाकडं पोच नसली तर पुढच्या आठवड्यात त्याचा अर्जच सापडत नाही. ही पद्धत चीड आणणारी आहे, पण तूर्त पोच हाच उपाय.

परवानगी मिळाली, नमुने आणले, तरी घात होतो तो इथं येऊन. शेताची माती सावलीत वाळवून, कुटून, चाळून प्रयोगशाळेत देतात, म्हणून मुलं खाडीची मातीही गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरतात. कुजक्या अंड्याचा वास येणारा तो काळा चिखल चार दिवसांत करडा झाला, त्यावर फिकट पिवळे ठिपके आले आणि काठावर सातच्या आसपास असलेला सामू (पीएच) चारच्या खाली गेला, हे आमच्या डोळ्यांदेखत घडलंय. चिखलातल्या लोह-गंधकाच्या संयुगाला हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं. अशा नमुन्याचे आकडे खाडीचे नसतात, तुमच्या गच्चीचे असतात. पिशवीतली हवा दाबून काढा, बर्फाच्या डब्यात ठेवा, कुंभार्ली घाट चढून आलात की त्याच दिवशी फ्रिजमध्ये. सामू जागेवरच मोजा. अमोनियाच्या रूपातला नत्र ओल्या नमुन्यावर काढा आणि वेगळा छोटा भाग 105 अंशांवर वाळवून ओलावा काढा, म्हणजे आकडे कोरड्या वजनावर मांडता येतील.

प्रयोगशाळेचा फॉर्म भरताना "खारी माती" असं ठळक लिहा. सेंद्रिय कर्बाच्या नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीत मिठातलं क्लोराइड लुडबूड करतं आणि कर्ब खोटाच जास्त दिसतो. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घातलं की ते आवरतं. मृदा आरोग्य पत्रिकेचा फॉर्म तर शेतकऱ्यासाठी आहे, त्यात पीक विचारतात. एका मुलानं तिथं "तिवर" लिहिलं आणि नमुना परत आला. त्या रकान्यापाशी अडू नका, मार्गदर्शकाचं वेगळं पत्र जोडून विद्यार्थी प्रकल्पाचा नमुना म्हणून द्या. परवानगीची झेरॉक्स त्याच पत्राला टाचा आणि मूळ प्रत खाडीवर जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. वनरक्षक विचारतील, तेव्हा ती मोबाइलमधल्या फोटोपेक्षा लवकर मानली जाते.